दोन बोटं माया

मुहर्रकमध्ये, मोत्यांच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात,
एसी अठरावर ठेवून
मी एका बाईचं चिलखत शिवते आहे.

बू खलफनं ते लिलावात घेतलं.
पेटी उघडली तर निळी रेशमी दोरी
बोट लावताच भुगा.
मग आमच्या अबायांच्या कारखान्यात कुणीतरी विचारत आलं,
बारीक हात कुणाचा?

तोकुनागासान नऊ दिवसांसाठी आल्यात.
त्या सांगतात, मी ऐकते, मधे फोन भाषांतर करतो
आणि चुकतो. 'गढीची मालकीण' म्हणायचं तिथे
'डोंगराची आई' म्हणतो.

तिचं नाव मिझुए. कुरोसे घराण्याची धाकटी सून.
नवरा दूरच्या लढाईवर, सासरा अंथरुणाला खिळलेला,
गढीत एकशे चाळीस माणसं, निम्म्या बायका.
पाच हात दांड्याच्या टोकाला बाकदार पातं,
ते ती पहाटे अंगणात फिरवायची.
रात्री बायकांना घेऊन बसायची
शत्रूची कापून आणलेली डोकी धुवायला.
केस विंचरायचे, नावाची चिठ्ठी बांधायची,
दात काळे करायचे,
म्हणजे मेलेला खानदानी वाटतो, मारणाऱ्याला इनाम जास्त.
तोकुनागासान हे चहा पीत सांगत होत्या.
मी म्हटलं, माझी आत्या मिश्री लावायची.
फोननं काय सांगितलं देव जाणे,
त्या बराच वेळ हसत राहिल्या.

कमरेला एक सुरी, स्वतःसाठी.
आणि एक दोरी. वेळ आलीच तर
आधी गुडघे बांधून घ्यायचे,
पडल्यावर अंग अस्ताव्यस्त दिसू नये म्हणून.
म्हणजे मेल्यावरही पदर सावरायचा.
हे मी फोनला ऐकू दिलं नाही.

सहाव्या दिवशी कुशीची पट्टी उलटी केली
आणि हात थांबला.
दोन्ही बाजूंना चामड्याचा एकेक जादा तुकडा.
टाके दुसऱ्याच हाताचे, घाईतले,
दिव्याच्या उजेडात घातलेले.
तोकुनागासानच्या वहीत आधीच लिहिलेलं : 'नंतरची डागडुजी.'
मी मान हलवली.
चामड्याच्या आत घाम मुरलाय, बाई.
हे वापरात असताना वाढवलंय, समोर बसून, माप घेऊन.

कापडात आम्ही शिवणीच्या आत माया सोडतो,
पुढंमागं लागेल म्हणून.
लोखंडात कोण सोडणार?
मग ती बाहेरून आणावी लागते.

किती? दोन बोटं. दोन्हीकडे मिळून चार.
सातवा महिना.

मला हे माप पाठ आहे.
मनामातल्या कारखान्यात, बाथरूमची कडी लावून,
दर पंधरवड्याला मी माझ्याच कुडत्याची कूस उसवायची
आणि पुन्हा टाचायची, सुपरवायझरला कळू नये म्हणून.
माया संपली त्या आठवड्यात कळलं.
हातात तिकीट दिलं.
मृदुला आता दहा वर्षांची आहे, देवरूखला, बहिणीकडे.
रात्री सगळं ऐकून तिनं विचारलं,
आणि तिचं बाळ?

तोकुनागासान म्हणाल्या, गढी जळली. पुढं नोंद नाही.
मग पेटीच्या तळातून त्यांनी पुडी काढली.
गुडघ्यांची दोरी. लाल, जवळजवळ नवी.
मी ती बोटांतून सबंध सरकवली,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोनदा.
गाठ बसलेली दोरी गाठ विसरत नाही.
हिच्यात फक्त घडीच्या रेघा होत्या.

त्यांनी वहीतली ओळ खोडली,
वर काय लिहिलं ते मला वाचता येत नाही.

बू खलफचा निरोप आला : मूळ मापावर आणा,
काचेच्या पेटीत सुबक दिसेल.
बरं, म्हटलं.
बाहेर अजान झाली, एसीतून पाणी ठिबकत होतं.
मी नवी निळी दोरी सुईत ओवली
आणि ते दोन्ही तुकडे
होते तिथेच परत शिवले.