जमेला चार पोती

आमच्या क्लबात आता माणसं अकरा
आणि धड गुडघे नऊ.

जुलै म्हणजे इकडे कडाका.
मेंढ्या कातरायच्या शेडखाली,
फळ्यांच्या फटींतून वर्षभर पडलेली लेंडी
हातभर साचलेली असते, कोरडी, भुसभुशीत.
मरे बॅटरी घेऊन पोटावर सरपटत आत शिरतो,
शिव्या पुढे, फावडं मागे,
त्याच्या मागून शाळेतली पोरं, नाकाला मफलर गुंडाळून.
पोत्याला दहा डॉलर.
‘गुलाबांना याहून चांगलं काही नाही’
अशी पाटी बर्निसने रंगवली आहे.
रस्त्याकडेला फाटकाशी पोती ठेवायची,
शेजारी बिस्किटांचा डबा.
डब्याला कुलूप कधीच नव्हतं.

मी नोलीन, खजिनदार. बावीस वर्षं वही माझ्याकडे.
लेंडीचं काय काय होतं ते या वहीला ठाऊक.
एका पोरीचा पुढचा दात, निम्मा.
(उरलेला निम्मा आम्ही केक विकून बसवला.)
वेल्डिंग शिकणाऱ्या जुळ्यांना बूट, दोन जोड,
एकाच मापाचे, आणि तरी त्यावरून भांडण.
बस बंद झाली त्या साली जुनी गाडी घेतली, दोन ब्रेकांची:
एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक मरेच्या.
इथे लायसन नसेल
तर मटणाच्या कारखान्यातही कुणी उभं करत नाही,
आणि कारखाना चाळीस किलोमीटरवर.

काहू सतरा वर्षांचा. डावखुरा. आत्याकडे राहायचा,
म्हणजे आत्या घरी असेल तेव्हा.
हिवाळाभर तो शेडखाली खपला,
पोत्याची गाठ मरेने त्याला तिथेच शिकवली.
गाडी शिकताना मरेने ब्रेक दाबला एकदाच,
तोही बदकांसाठी.

लायसन मिळालेल्या पोरांनी
क्लबाच्या जेवणाला दोन शब्द बोलायचे, अशी आमची पद्धत.
काहू उभा राहिला.
बटाटे गार झाले.
कुणीतरी खोकलं.
‘बरं,’ तो म्हणाला, आणि बसला.
आभार मानायची रीतच उरली नाही, बर्निस अजून म्हणते.
मी लिहिलं: गाडी शिकवणी, चारशे साठ, खर्च.
महिन्याभरात तो उत्तरेला गेला,
मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबरोबर.
पत्र नाही, फोन नाही. तीन वर्षं.

गेल्या शनिवारी अंधार पडताना
मी फाटकाशी बारा पोती मोजून ठेवली.
रविवारी डब्यात तीस डॉलर.
म्हणजे गेली तीन, राहायला हवीत नऊ.
होती तेरा.
हातमोजे काढून पुन्हा मोजली. तेराच.
चार पोती आमची नव्हती.
आम्ही गुडघ्यांच्या मानाने भरतो, चार बोटं कमी;
ही गच्च, काठोकाठ,
आणि गाठ मरेची,
पण उलटी. आरशात पाहावी तशी.

मरेचं लायसन एप्रिलमध्ये गेलं.
डोळे. अक्षरांची तिसरी ओळच दिसेना.
मी त्याला फाटकापाशी नेलं,
त्याचं बोट धरून गाठीवर ठेवलं.
त्याने ती चाचपली, एकदा, परत एकदा,
जशी आपण दुसऱ्याच्या लेकराची बटणं चाचपतो
घराबाहेर पाठवण्याआधी.
‘घट्ट आहे,’ म्हणाला.
आणि गाडीत बसायला वळला,
सवयीने स्टिअरिंगच्या बाजूला.

वहीत अशा जमेसाठी रकाना नाही.
तरी लिहिलं: जमा, चार पोती.
‘कोणाकडून’ समोर बर्निस म्हणते, अनामिक लिही.
मी काहीच लिहिलं नाही.
आज कळलं, आत्याच्या दाराशी एक मळकी गाडी उभी असते.

मंगळवारची सभा. विषय एक:
पोत्याचा भाव बारा करावा का.
विषय दोन:
दुसऱ्या ब्रेकवर आता कोण बसणार.