कागदावरचे पाय

निघायच्या आदल्या रात्री
वाडीतून पाय यायचे.
कुणाचा वहीच्या पानावर, कुणाचा रेशनच्या पिशवीवर,
पेन्सिल फिरवून काढलेला. अंगठ्यापाशी रेघ हललेली,
कारण पोरांना गुदगुल्या.
मी सगळे घडी करून नलीत ठेवायचो,
जहाजाच्या नोकरीचं ते पुस्तक, ज्यात
दर खेपेला कप्तान माझ्याबद्दल एकच शब्द लिहायचा : चांगला.

शहाबी फूफीनं एकच पाय पाठवला.
म्हणाली, दुसरा पण असाच आहे,
कागद कशाला नासायचा.

ओडेसाला चार तासांची सुट्टी मिळाली.
सारंग म्हणाला, सहाला शिडी उचलतील,
नाय आलात तर इथंच लग्न करा.
मी आणि गुहागरचा धाकू हेदवकर
बाजार शोधत गेलो. एका म्हातारीसमोर
ताडपत्रीवर बुटांचा ढीग.
तिथंच बर्फावर आम्ही पाय मांडले.
वारा होता, म्हणून प्रत्येक टाचेवर एकेक नाणं.
दाभोळची अख्खी खालची वाडी
अनवाणी उभी त्या थंडीत.

भाषा नव्हती, बोटं होती.
तिनं दहा दाखवली, मी चार.
ती हसली. मी पाठ फिरवली.
पाठ फिरवलेली कुठल्याही बंदरात कळते,
सातव्या पावलाला हाक येते.
सहा ठरले, आणि वर एक दुमडलेलं बोट.

मग फूफीचा कागद आला.
म्हातारीनं दुसरा शोधला. माझे खिसे दाखवत
डोळ्यांनी विचारलं.
मी मान हलवली : एकच.
ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली.
तिथं लढाई होऊन गेली होती, हे मला धाकूनं नंतर सांगितलं.
आतून लोकर असलेले तिनं काढले, सगळ्यात चांगले,
माझ्या हातात कोंबले
आणि पैसे घेतलेच नाहीत.

मी बोललो नाही.
दोन बोटं वर करायची होती फक्त.

तसं पुष्कळ आणलं मी पुढं.
लास पाल्मासच्या सिंध्यानं 'आओ गाववाले' म्हणत
साडीमागे दोन डॉलर जास्त काढले.
सिंगापूरचा टू-इन-वन, त्याचा एक भोंगा वाटेतच मुका.
कोबेचं घड्याळ अजून भिंतीवर आहे.
नात विचारते, दादा, जपान कसं होतं?
स्वस्त, मी म्हणतो.
मागं मोठा डोंगर होता म्हणतात.
चार तासांत एकतर भाव होतो
नाहीतर डोंगर.

अकरा महिन्यांनी घरी आलो तेव्हा
पोरांचे पाय कागदाबाहेर गेले होते.
मोठ्याचे मधल्याला, मधल्याचे शेजारी,
आठवडाभर वाडीत बुटांची अदलाबदल.
फूफीला मात्र बरोब्बर बसले.
ऐन वैशाखात ती ते लोकरीचे बूट घालून
जेट्टीवर सोडे घ्यायला गेली,
धोपाव्याच्या फेरीतले लोक वळून बघत होते.

खूप वर्षांनी तिला खरं सांगितलं.
मला वाटलं हसेल.
ती पायरीवर बसली, पाय पुढं घेतले,
एकदा हा, एकदा तो.
'कुठला काढला होता रे मी? डावा का उजवा?'

मला आठवेना.
कागद त्या म्हातारीनं
परत दिला नव्हता.