भिंतीकडची बाजू

पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो
आणि सोळाला उजाडायच्या आत
माझ्या गॅरेजपुढे पिकअप गाड्यांची रांग.
मागच्या फळीवरून लोंबणारी जीभ,
जिभेवर बर्फाची भुकटी.
मी आधी पावती फाडते:
नाव, फोन, खांद्यापर्यंत की नुसतं डोकं,
मान समोर की वळलेली,
निम्मे पैसे आत्ता.
मग गोष्ट ऐकावी लागते, उभ्याउभ्या, अर्धा तास.
तिचे पैसे मी लावत नाही.

गावात अजून म्हणतात, आईली पेंढा भरते.
पेंढा माझ्या बापाने भरला, तोही शेवटी शेवटी नाही.
आता फोमचा साचा येतो खोक्यातून,
पिवळट, हलका, कुणाच्याही हरणाचा.
त्याच्यावर मी ह्याचंच कातडं ओढते,
कानांत प्लास्टिक, पापणीखाली चिकणमाती,
डोळे काचेचे.
ते चपट्या डब्यात जोडीजोडीने झोपतात,
आणि रात्री झाकण काढलं की
सगळे एकदम जागे.

बाप म्हणायचा, जिवंत करायचं नसतं, पोरी.
आत्ताच मान वर केलीय,
एवढंच वाटलं पाहिजे.
कशाकडे बघतोय ते विचारू नये.

मासेवाल्यांची तऱ्हा वेगळी.
मेल्या म्हशीला मणभर दूध,
तसा मेला मासा महिन्यागणिक वाढतो.
जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर तीस इंच,
मार्चमध्ये माझ्या टेबलावर छत्तीस.
मी टेप लावते, आकडा लिहिते, गप्प बसते.
आणि रंग?
तो पाण्याबाहेर तासभरही टिकत नाही.
हिरवा, सोनेरी, पोटाकडचा दुधी,
सगळ्याची राख होते.
तुम्ही घरी नेता तो रंग
माझ्या ब्रशचा असतो.

रेइनो पेराला आला तेव्हा रांग नव्हती.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाइक मासा,
वर ब्रेडच्या दोन पिशव्या,
कागदावरची तारीख चार वर्षांपूर्वीची.
टायरांच्या सेलची जाहिरात
कातडीवर उलटी उमटलेली.
‘हेल्मीने धरलेला,’ म्हणाला.
मी थांबले.
कुठे, कुठल्या गळाला, किती झुंजला,
काहीच आलं नाही.
चार वर्षांपूर्वी वसंतात हेल्मीला पुरलं
तेव्हा मी बटाट्याची थाळी नेली होती.
मीही विचारलं नाही.

उजवी बाजू धड होती.
डावीवर गारठ्याने जळालेला पट्टा,
कल्ल्यापाशी फाटलेलं,
आणि अंगठ्याएवढ्या जागेतले खवले गेलेले.
म्हटलं, उजवी दाखवू, डावी भिंतीकडे.
शिवण तिकडेच येते, कुणाला दिसत नाही.
सगळ्यांचं असंच करते.

म्हणाला, डावी.
म्हटलं, रेइनो, ती गेलीय.
म्हणाला, पक्कड मी घरी विसरलो होतो.
हातमोजा काढून तिने इथे धरला.
त्याचा अंगठा त्या जागेपर्यंत गेला
आणि वरच्यावर थांबला.

रंगासाठी फोटो आहे का विचारलं.
नाही.
बरं, आठवतो कसा होता?
बराच वेळ गॅरेजच्या दिव्याकडे बघत राहिला.
‘तिचं नाक लाल झालं होतं,’ म्हणाला.

मग मी धड बाजू कापली.
तीस वर्षांत पहिल्यांदा
चांगल्या कातडीतून शिवण घातली.
जळका पट्टा रंगवला. फाटलेलं सांधलं.
खवले मला काढता येतात, एकेक, बारीक ब्रशने,
कुणी शपथेवर सांगणार नाही की खोटे आहेत.
तेवढी जागा सोडली.
पावतीवर दुरुस्तीच्या रकान्यात
आधी एक आकडा लिहिला होता, तो खोडला.

जूनमध्ये नेला.
उरलेले पैसे मोजून, चुरगळलेल्या नोटांत.
दारात थांबून त्याने मासा पालथा केला,
शिवणीवरून, त्या साबूत खवल्यांवरून
नजर फिरवली.
‘ही बाजू खरंच चांगली होती की गं,’ म्हणाला,
आणि पुन्हा उलटा धरून
गाडीकडे गेला.