हातचं

इथं, बोलिव्हियातल्या आमच्या वसाहतीत,
काता एकतिसाव्या पावलावर थांबतो.
डावा पाय पुढे, उजवी मूठ बरगडीशी,
नजर सायलोच्या पलीकडे कुठेतरी
आणि मग काही नाही.
मूठ सोडायची, पाय जुळवायचे, वाकायचं.

सेइतोकु इरेईंनी एवढंच शिकवलं.
दिवसभर शेंगा चाळून संध्याकाळी
पोत्यांच्या शेडमध्ये यायचे,
कॉलरीत फोलपटं अडकलेली.
"पुन्हा," म्हणायचे. जास्त शब्द नव्हतेच त्यांच्याकडे,
स्पॅनिश तर मीठ-मिरचीपुरतंच.
टाच जरा उचलली गेली की
बांबूची काडी पोटरीला टेकवायचे,
रताळं शिजलं का बघावं, तशी.

माझे वडील म्हणायचे, म्हातारा हातचं राखून शिकवतो.
सगळेच म्हणायचे.
सोसायटीच्या बाकावर, ट्रॅक्टरचा सुटा भाग यायची वाट बघताना:
"शेवटचे डाव लेकासाठी ठेवलेत त्यानं."
लेकानं साओ पाउलोत बॅटऱ्यांचं दुकान टाकलं.
तो शेडकडे कधी फिरकला नाही.

ते गेले त्या जुलैत
दक्षिणेकडून सुरासो सुटला होता, तीन दिवस;
पत्रे रात्रभर दात वाजवत होते.
घोंगडीतून हात बाहेर न काढता म्हणाले,
"नोएमी, पुढचं मला येत नाही.
सेन्सेई पावसाळा झाल्यावर शिकवणार होते.
जहाज आधी आलं."

घरातला तांदूळ संपलाय सांगावं, इतक्या साध्या आवाजात.

म्हणजे हातचं असं काही नव्हतंच.
चाळीस वर्षं कंजूष म्हणवून घेतलं त्यांनी,
रिकामी ओंजळ दाखवण्यापेक्षा
ते बरं वाटलं असावं.

मागच्या वर्षी भाचीनं नाहाहून व्हिडिओ पाठवला.
बसचा कुणी निवृत्त ड्रायव्हर, गच्चीत, वाळत घातलेल्या चादरींमध्ये.
नात चित्रण करतेय, हसतेय, कॅमेरा हलतोय.
तोच काता. आमचाच.
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
एकतीस, आणि तो थांबत नाही.
वळतो.
तळहात उघडतो, कुणाच्या गालावरचं काही पुसावं तसा.
आणखी तीन पावलं, एक ठोसा, अगदी छोटा,
आणि छत्तिसाव्याला त्याचे पाय
जिथून निघाले होते, त्याच फरशीवर.

मी फोन उलटा ठेवला.
इतकी वर्षं आम्ही
निघालो त्या जागेपासून पाच पावलं अलीकडे
उभे राहून नमस्कार करत होतो.

मग शिकले. रात्री, शेडचं दार लोटून, महिनाभर.
डोक्यात लगेच बसलं. अंगात नाही.
पेळू संपला तरी चाती फिरत राहते म्हणतात,
माझं उलटंच:
पेळू हाती आलाय
आणि चाती एकतिसाला येऊन गप्प.
अंगवळणी पडलेलं अंगच सोडत नाही.
थांबणंही मी गिरवूनच शिकले होते ना.

एल्मेर चोके, आमच्या ड्रायव्हरचा मुलगा, नऊ वर्षांचा,
घरी केचुआ, शाळेत स्पॅनिश, इथं जपानी आकडे,
त्यानं विचारलं, "मग आपण आजपर्यंत चुकत होतो?"
मी केरसुणी शोधायला गेले.
परत येऊन म्हटलं,
एकतिसाला थांबायचं. एक श्वास. नजर सायलोपार.
मग पुढचं.
"श्वास कशाला? व्हिडिओत नाहीये."
"तिथं जहाज येतं," मी म्हटलं.

त्यानं विनातक्रार ऐकलं. मुलांना जहाज चालतं.

आज त्यानं पूर्ण केला.
खडूच्या खुणेपासून टाच वीतभर चुकली, उताराकडे.
मी काडी उचलली, परत ठेवली.
शेडची जमीनच तिकडे कललेली आहे,
पाणी नदीकडे निघून जावं म्हणून
इरेईंनी स्वतः, फावड्यानं,
तशी केलेली.