पाटी पालथी

घंटा, पितळेची. वजन सव्वातीन किलो.
कडेला बारीक टवका. आतला लोळा मूळचा.
पाठीवर कोरलेला आकडा : १९११.

एवढंच लिहिलं होतं मी, आणि चार फोटो,
एकात मागे वाळत घातलेले बोंबीलही आले होते.
पहिली बोली नऊशेची.
दोन दिवस नऊशेवरच बसून राहिली.

तिसऱ्या रात्री इचलकरंजीचे कुणी खटावकर
आणि पुण्याचा एक बिननावाचा माणूस
एकमेकांवर चढत गेले,
तीन हजार, सात, अकरा.
मी भाकरी थापत होते,
पिठाच्या बोटाने स्क्रीन पुसून पुसून बघत होते.
साडेसव्वीस हजारांना घंटा खटावकरांना सुटली.

लगेच त्यांचा मेसेज :
"शंभराच्या वर वर्षं! कुठल्या आगबोटीची होती?"

आगबोट.
अहो, ती आमच्या हेमलताची.
दापोलीच्या तांबटाने ओतली तेव्हा मी दहावीत होते,
आणि १९११ हे साल नव्हे,
सोसायटीच्या डिझेलच्या वहीतला आमचा नंबर.
चोरीला गेली तर ओळखू यावी
म्हणून बाबांनी कोरून घेतलेला.

खोटं मी काही लिहिलं नव्हतं.
पण आकड्याच्या आधी
"होडीचा नंबर" एवढे दोन शब्द मावले असते,
हे लिहितानाच दिसलं होतं का मला?
दिसलं असावं.
बोंबील दिसले नाहीत, ते दिसलं.

पद्माकर म्हणाला,
"आपण साल म्हटलं होतं? त्याला विचारता येत नव्हतं?
इंजिनवाल्याचे वीस हजार अजून अंगावर आहेत, ताई."

संध्याकाळी बंदरावर गुलाबवयनी लिलाव पुकारत होती.
एक पाटी आली, वरती सरंगे,
खाली काय ते आणणाऱ्याला ठाऊक.
दाभोळच्या नव्या व्यापाऱ्याने चढा भाव बोलला.
वयनीने तो धरलाच नाही.
पायाने पाटी पालथी केली,
सरंग्यांखाली सगळे ढोमे.
"आता बोल," म्हणाली,
"बघून चुकलास तर तुझं,
न बघता चुकलास तर माझं."

तिची बोली तोंडाची, वाळूवरची.
माझी बोटाची,
आणि पालथी घालायला पाटीच नाही.

रात्री लिहिलं सगळं.
नंबर, तांबट, माझी दहावी.
हवं तर रद्द करा, मला राग नाही.

सकाळी उत्तर :
"पुण्याच्या माणसाने जास्त देऊ केले वाटतं!
कहाण्या नकोत, ताई. सौदा म्हणजे सौदा.
पैसे पाठवलेत."

फोन ओट्यावरच थरथरला.
पद्माकर हसला, "घे, तुझं सांगून झालं,
त्याचं देऊन झालं."
मला राग आला, नक्की कुणाचा ते कळेना.
खरं सांगितलं आणि खोटी ठरले,
गप्प बसले असते तर
त्या माणसाच्या दिवाणखान्यात
जन्मभर खरी राहिले असते.

पुन्हा लिहिलं, वहीचा फोटो जोडून.
ते उघडतच नाहीत.

आता खोका बांधतेय.
लोळ्याला लुगड्याची चिंधी गुंडाळली,
वाटेत वाजू नये म्हणून.
आईच्या लुगड्याची वगैरे नाही,
लादी पुसायची होती, धुऊन घेतली.
वर, झाकण उघडताच दिसेल अशी,
वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स :
हेमलता, हर्णै, १९११,
खाली बाबांचा अंगठा, थोडा फराटलेला.

पैसे खात्यात तसेच आहेत.
पार्सल पोचलं की पाच दिवस वाट बघेन.
किंवा सात.
पद्माकर म्हणतो, तीन पुरे.