मोजणीचा दोर

ग्रंथालयामागच्या विहिरीत
दर सोमवारी मी एक दोर सोडते.
हाताहातावर गाठ. एकूण एकोणीस.
टोकाला पितळी कुलूप, किल्ली हरवलेलं,
वजनासाठी.

सुकदेव लिलके निवृत्त झाले तेव्हा
आम्ही त्यांना शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
त्यांनी मला हा दोर दिला
आणि एक वही.
वर छापलेलं : परीक्षा विभाग.
आत गुण कुणालाच दिलेले नाहीत.

मी पुनर्मूल्यांकनाचे अर्ज घेते.
विहिरीशी माझं नातं एवढंच
की माझी खिडकी तिच्याकडे उघडते.
हे मी त्यांना सांगून पाहिलं.
म्हणाले, "मग झालं तर."

*सोमवार. सात गाठी ओल्या. कडुनिंब ४१ला वाळवी, चुना लावला.*
*सोमवार. पाच. मोर पाण्याला उतरला, वर येईना. शिडी सोडली.*
*सोमवार. दोन. गंगापूर धरणात आहे म्हणतात. असेल.*
*सोमवार. कुलूप कोरडं.*

जुलैत गाड्या येतात, साहेब उतरतात, झाडं लागतात.
खड्डे तेच. कुदळीला वाट पाठ झालीय.
वर्षाच्या शेवटी कागद येतो : किती लावली?
लिलके लिहायचे : जगली दोनशे सहा.
कागद परत. *रकाना चुकला.*
ते पुन्हा तेच लिहायचे, जरा ठळक.
असं अकरा वर्षं.

मग त्या उन्हाळी शिबिरात
टेकडीवर चर खणायचे ठरले.
आमचे विद्यार्थी म्हणजे पोस्टाने शिकणारे :
सुरगाण्याची अंगणवाडी सेविका, कळवणचा कंडक्टर,
नातवाला घेऊन आलेली एक बी.ए. दुसरं वर्ष.
नळीत पाणी भरून पातळी काढत होतो
आणि कुणाला कळेना, चर उताराला आडवा कशासाठी.

येवल्याचा अन्सार मोमीन पैठणी विणतो.
तो खडूच्या रेघेवर उकिडवा बसला, म्हणाला,
"पाणी वरून खाली येतं, तो ताणा.
नुसत्या ताण्याचं लुगडं होतं का?
आडवा बाणा घाला, तरच ते टिकतं."
मग कुणीच काही विचारलं नाही.
संध्याकाळी त्याच्या तळहाताला फोड होते.
रेशमाचा हात, कुदळीची सवय नव्हती.

पुढे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी विहिरीला यंत्र बसवलं.
दोर मी कपाटात ठेवला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.
एप्रिलात त्र्यंबकच्या अंगानं आभाळ आलं,
लिंबाएवढ्या गारा, काचा गेल्या, एक वीज पडली.
मखमलाबादच्या बागांमध्ये काय झालं ते
दुसऱ्या दिवशी परीक्षेला न आलेल्यांच्या यादीत वाचलं.
यंत्र जळालं.
पडद्यावर मात्र विहीर अजून काठोकाठ भरलेली आहे.

दोर काढला. दोन गाठी उंदरांनी कुरतडल्या होत्या,
त्या चपराशी भोयेमामांनी परत मारून दिल्या.

मे महिना. शेवटचा सोमवार.
दहा वाजता वेळुंज्याहून फोन येतो, कधी चुकत नाही.
"किती?"
"तीन."
पलीकडे कोंबड्यांचा आवाज.
"मे महिन्यात?"
"मे महिन्यातच."
"दोर तिरपा गेला असेल. पुन्हा सोड."
पुन्हा सोडला. फोन चालूच.
कुलूप बुडाल्याचा आवाज त्यांनीही ऐकला असावा,
कारण पुढे ते फक्त कडुनिंब ४१बद्दल बोलले.

तीन गाठी म्हणजे काय मोठं?
वसतिगृहाला दोन दिवस पुरणार नाहीत.
गोदावरीला कळणारही नाही.

कुलूप मी टेबलावर ठेवलं,
कुणाच्या तरी पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर.
वाटोळा ओला डाग पडला.
अर्ज तसाच
पुढे पाठवला.