अडीच मिनिटं

ग्लेंडेलमध्ये, दातांच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर
आर्पिने केशिश्यान चित्रपट कापते.
आत येतो दोन तास सहा मिनिटांचा,
बाहेर पडतो अडीच मिनिटांचा होऊन.
शितावरून भाताची परीक्षा, हे खरं,
पण तिला पगार मिळतो
शीत निवडण्याचा.

नियम भिंतीवर लिहिलेले नाहीत, बोटांना माहीत आहेत.
पहिल्या सहा सेकंदांत काहीतरी फुटलं पाहिजे,
काच, नातं, नाहीतर आवाज.
नमनाला घडाभर तेल इथे परवडत नाही,
पळीभरही नाही.
मग अंधार.
मग एक श्वास, कुणाचा ते सांगायचं नाही.
मग जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं गाणं,
इतकं संथ केलेलं की वाटावं
गाणारी पाण्याखाली आहे.
मग ढोल, ठोक्याला एक चेहरा,
आणि चित्रपटाचं नाव येऊन गेल्यावर,
लोक खुर्चीत सैलावल्यावर,
एक लहानसा विनोद,
बिलाबरोबर येणाऱ्या पेपरमिंटसारखा.

हे ती बापाकडून शिकली,
ज्याने जन्मात एक ट्रेलर कापला नाही.
ह्राचिकचा मासिकांचा स्टॉल होता, बँकेच्या कोपऱ्यावर.
इंग्रजी धड वाचता येत नव्हतं,
पण कुठला अंक किती खपणार
ते गठ्ठ्याची सुतळी तोडतानाच सांगायचा.
“डोळे बघ, पोरी. डोळे गिऱ्हाइकावर हवेत.
बाजूला बघणारी बाई परतीच्या गठ्ठ्यात जाते.”
डोक्याने मासिकाच्या नावातलं एखादं अक्षर झाकलं असेल
तर मासिक मोठं,
ज्याला नाव पुरं दाखवावं लागतं
त्याला अजून कुणी ओळखत नाही.
आकडा विषम हवा. सतरा उपाय, एकतीस गुपितं.
वीस म्हटलं की शेवटचे दोन
ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात.
आणि पिवळी अक्षरं डावीकडे,
उजवी कड शेजारचं मासिक खातं.

या मार्चमध्ये एक चित्रपट आला
ज्यात काहीच फुटत नाही.
नेब्रास्कातला विधुर, पाण्याची मीटरं वाचतो.
चालतो. झाकण उचलतो. आकडा लिहितो. चालतो.
पळतो एकदाच, एकशे दहाव्या मिनिटाला,
वाऱ्याने टोपी नेली म्हणून.

आर्पिनेने टोपी कापली.
उरला पळणारा माणूस.
त्याच्याआधी अंधार, त्याच्यानंतर
एका बाईचा दचकलेला चेहरा
(पुढच्याच क्षणी ती शिंकते).
दिग्दर्शकाचा फोन आला. हा माझा चित्रपट नाही.
“तो पळतो की नाही?”
“पळतो, पण...”
“‘पण’ला जागा नाही,” ती म्हणाली. “अडीच मिनिटं आहेत.”

शुक्रवारी ती स्वतः तिकीट काढून गेली.
तेवीस माणसं. चाळिसाव्या मिनिटाला दोघं उठली.
उरलेली बसली, दम धरून,
आता पळेल, या दारानंतर पळेल.
म्हणूनच असेल, त्याचं चालणं त्यांनी
एवढं बारकाईनं पाहिलं,
उजव्या पायातलं किंचित लंगडणं,
झाकण परत ठेवताना आवाज होऊ न देणं.
शेजारची म्हातारी पुटपुटत होती,
कोण लागलंय याच्या मागे?

मग वारा आला.
म्हातारी मोठ्यानं हसली. अगं बाई, टोपी!
आणि हसता हसता थांबली,
कारण टोपी गवती होती, रुंद काठाची,
निळ्या फितीची,
बायकोची.

तीनशे वेळा तरी आर्पिनेने तो तुकडा चालवला होता.
दर वेळी त्या फितीच्या
दोन चौकटी आधी थांबली होती.

बाहेर आली तेव्हा नऊ वाजले होते.
बँकेच्या कोपऱ्यावर आता
एक पोरगा मोबाईलची कव्हरं विकतो,
पाच डॉलरला एक, विषमच.
तिने फोन काढला, उगीच, कव्हर लावून बघायला.
पडद्यावर ह्राचिकचा फोटो,
तिच्याकडे असलेला एकुलता एक.
हातात सुतळी,
आणि नजर बाजूला कुठेतरी,
परतीच्या गठ्ठ्याकडे.